कढीपत्त्याची कुंडी

३ जून
आलो एकदाचे हडपसरला! माझी बदली झाली, नवरा नाशिकलाच, त्यामुळे खोकी बांधण्यापासून सोडण्यापर्यंत सगळं माझ्याच अंगावर. कंबर मोडली. पण बाल्कनीत ऊन छान येतं. माझ्या आठ वर्षांच्या तनयाने आल्या आल्या तिथे कढीपत्त्याची कुंडी ठेवली आणि घर लागल्याचं जाहीर केलं.

११ जून
तनयाचा पुढचा दुधाचा दात पडून वर्ष झालं, नवा येत नाही. डॉ. विश्वजीतांनी एक्स-रे काढला. हिरडीत तांदळाच्या कण्यांसारखे इवले इवले दात, एका पिशवीत. साधी गाठ आहे, फक्त खऱ्या दाताची वाट अडवून बसली आहे, म्हणाले. मी घाबरून दहा प्रश्न विचारले. गुगलला विचारून झालं असेल तर काढू या, म्हणाले. पुणंच ते!

१६ जून
तेवीस निघाले. तपासणीला तुकडा गेला, दाणे मी मागून घेतले. कामाला येणाऱ्या सरुबाईंनी बजावलं होतं : पोरीचा दात हाय, कचऱ्यात टाकू नये, मातीत घालावा. लोणी काळभोरच्या त्यांच्या शेतातली मूठभर मातीही त्यांनीच आणली. कुंडीत पुरले. फार थकलेय.

९ जुलै
कुंडीत पांढरं काहीतरी वर आलंय. खडा म्हणून काढायला गेले, हलेना. जाऊ दे. ऑफिसला उशीर होतोय.

२८ जुलै
कढीपत्ता वाळला. तेवीस दाणे ओळीने उभे आहेत. आजच्या एक्स-रेत तनयाचा खरा दात दिसत नाही. डॉक्टरांनी पुन्हा काढला. तरी नाही. टोमणाही मारला नाही, त्याचीच भीती वाटली.

२ ऑगस्ट
कुंडीत मोठा दात. पुढचा. सरुबाईंनी पाहिला, आणि गेल्या त्या गेल्याच.

५ ऑगस्ट
तनयाचे आणखी दोन नाहीत. पडले नाहीत — नुसते नाहीत. हिरडी कोरी. कुंडीत दोन वाढले. फेकू कशी? तिचेच आहेत.

६ ऑगस्ट, दुपार
तनया शाळेत. पक्कड घेतली. मोठा उपटला. मुळाला रक्त —
मातीतून हाक आली, आई, दुखतंय. तिचाच आवाज.
शाळेतून फोन. बाई म्हणाल्या, तनया एकदम किंचाळली, तोंडातून माती पडतेय, थांबत नाही —
परत रोवते आहे. बसत नाही. बोट आत घालून दाबलं —
मातीने तोंड मिटलं. हात ओढला तर तिला दुखेल. नाही ओढत. थकले. डाव्या हाताने लिहि