नळीनं नापास केलेली स्कूटर

ती. गुरुबसप्पा अण्णा यांना नांदेडहून शिवमूर्तीचा शरणार्थ. इकडे आम्ही ठीक आहोत (म्हणजे मी ठीक आहे). तुमच्या गुडघ्यांना शिरूर अनंतपाळचा उन्हाळा मानवला असेल. फोन तुम्ही उचलून राहिले न्हाईत, म्हणून हे पत्र.

विषय पीयूसीचा. गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी अजून कामाची आहे का, यावर माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. नुसता देखावा. नंबरप्लेटचा फोटो काढला की कागद मिळायचा. गाडी चालू करा, असंही कुणी म्हणत नसे. माझी स्कूटर अशी दरवर्षी पास होत आली. परवा तुमच्या बहिणीला, म्हणजे राजश्रीला, घेऊन अर्धापूरला बारशाला निघालो. वाटेत पंपावर कागद काढायला थांबलो, तर तिथं ताहेर नावाचा नवा माणूस. त्यानं खरोखर सायलेन्सरमध्ये नळी घातली (अशी नळी असते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं) आणि यंत्रानं स्कूटर नापास केली.

मी त्याला शांतपणे समजावलं, की समोरचा ट्रक काळा धूर ओकतोय आणि त्याच्याकडंही कागद असणारच, मग या तपासणीला अर्थ काय? तो म्हणाला, "ट्रकचं ट्रकवाला बघंल. तुमची गाडी लई धूर मारून राहिली." मी म्हणालो, आजवर कुणाची तक्रार न्हाई.

"माझी हाय," राजश्री मागून म्हणाली. तिनं साडी पुढं धरली. फिक्या पिवळ्या निऱ्यांवर बारीक काळे ठिपके होते (मी ती नक्षी समजत होतो). "किती दिवस खोकून राहिले. तुम्ही म्हणता, ताक बंद कर."

एवढं बोलून तिनं रिक्षा थांबवली. बारशाला मी एकटाच पोचलो आणि सगळ्यांना तिला बरं नाही असं सांगितलं, जे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडून इंजिन उघडून घेतलं. आतून निघालेली काजळी बघून मी तिथं फार वेळ उभा राहिलो नाही. मग पुन्हा ताहेरकडे गेलो. गाडी पास झाली, नळी घालून. तेव्हा माझं आताचं मत असं, की फोटोची तपासणी बंद करावी, नळीची मात्र चालू ठेवावी. ट्रकसकट.

वहिनींना शरणार्थ.

तुमचा,
शिवमूर्ती

ता. क. ती रिक्षा बसस्टँडला गेली आणि तिथून राजश्री थेट तुमच्याकडं आली, हे तुम्ही जाणताच. तिचा खोकला तिकडं थांबला का, तेवढं कळवा. इकडं सकाळी तो ऐकू येत नाही, तर मला जागच येत नाही. पीयूसीचा कागद सोबत आहे. तिला दाखवा, आणि रविवारी न्यायला येऊ का, ते विचारा.

आणखी एक. नाही म्हणाली, तर सांगा की स्कूटर विकायला काढली आहे आणि मी एसटीनं येईन. पण हे लगेच सांगू नका. आधी नुसता कागद दाखवून बघा.