कोइम्बतूरहून आलेली पेटी

कोपरी, ठाणे पूर्व

प्रिय साईनाथ,

फोन न करता पत्र पाठवतेय म्हणून घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. फोनवर तू मध्येच ‘अगं ताई, ऐक ना’ करतोस आणि मी विरघळते. या वेळी सगळं तूच ऐकायचंस. लिहायला बसते, उठते, गॅलरीत जाते, परत येते, असं सकाळपासून चाललंय. कुरिअरवाल्याला जास्तीचे पैसे देणार आहे, म्हणजे हे तरी वेळेत आणि न मोडता पोचेल.

बाबांनी तुला सांगितलंय की तुमच्या कंपनीचं नवं रोटरी टेबल झकास चाललंय. ते चालत नाहीये. पेटीतून मोडलेलंच निघालं. शाफ्ट वाकलेला, कडेचा टवका उडालेला, आणि हँडल फिरवलं की एका जागी अडकून बसतं. भोकं पाडताना लोखंड गोल फिरवणाऱ्या आपल्या जुन्या टेबलाला आई पोळपाट म्हणायची, आठवतंय? तो पोळपाट पार झिजला, वॉल्व्हच्या फ्लँजची, त्या जोडचकत्यांची भोकं वेडीवाकडी पडायला लागली, म्हणून तर हे मागवलं. वॉल्व्हवाल्यांचं काम दिवाळीच्या आत द्यायचंय. भोकं सारख्या अंतरावर पडली नाहीत तर ते पुन्हा आपल्या दारात उभे राहणार नाहीत, आणि ते गेले तर डोंबिवलीचं वर्कशॉप कशावर चालवायचं, मला सुचत नाही.

पेटी आली नेमकी पितृपक्षात. देवापुढे कधी हात न जोडणारे आपले बाबा, पण आई गेल्यापासून अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात आणि त्या पंधरवड्यात घरात काय, वर्कशॉपमध्येही नवी वस्तू काढत नाहीत. पेटी बाहेरून कशी, तर साधा ओरखडा नाही. बाबांनी ट्रान्सपोर्टवाल्याला माल ठीक मिळाल्याची सही देऊन टाकली आणि घटस्थापनेपर्यंत ती कोपऱ्यात ठेवली. मी भांडले. नुसतं उघडून बघायला काय जातं? तर म्हणाले, तुझ्या आईला विचार. मिलिंग मशीनवरचे पोपटमामा तिकडून हसताहेत, “निशाताय, नव्या नवरीची पेटी हाय ती, म्हूर्त लागल्याबिगर उघडायची न्हाय.” आणि बाबा रोज सकाळी फडक्याने पेटी पुसणार. चहावाला आला तरी त्याला सांगणार, आमच्या साईनाथने स्वतःच्या हाताने पॅक केलीय. तूच तसं फोनवर म्हणाला होतास ना. घटस्थापनेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पोपटमामांनी पहारीने फळ्या उचकटल्या, आणि आतून हे असं निघालं.

ज्याच्यामार्फत टेबल मागवलं त्या डीलरने आधी मला उडवूनच लावलं. इतके दिवस झोपला होतात का म्हणाला. त्याला पितृपक्ष सांगितला तर तो आणखी हसला. मी त्याच्या नौपाड्यातल्या दुकानात बसून इतका तमाशा केला की शेवटी तुमच्या कंपनीने तपासणीला माणूस पाठवला. पाध्ये म्हणून आहेत, महेंद्र पाध्ये. सज्जन माणूस. त्यांनी रिकाम्या पेटीत बॅटरी मारून बघितलं. टेबलाभोवती मारायचे लाकडी ठोकळे नाहीत, तळाला आवळायचे बोल्ट नाहीत, एवढं जड धूड कोइम्बतूरपासून आतल्या आत आपटत आलंय. ते म्हणाले, चूक सरळसरळ पॅकिंगची आहे, उशीर झाला तरी कंपनीला नवीन द्यावंच लागेल. माझ्या जिवात जीव आला.

आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, पेटी उघडल्यावर आतले ठोकळे, बोल्ट मीच काढले आणि टेबल बाहेर घेताना माझ्या हातून सुटलं.

पोपटमामांनी मान खाली घातली. पाध्यांनी पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. जॉबचं माप केसभर चुकलं तरी पार्टीला आपणहून फोन करून सांगणारा हा माणूस! पाध्यांनी ते लिहून घेतलं. वर्कशॉप दोघांच्या नावावर, म्हणून सह्याही दोघांच्या लागतात. बाबांनी केली. मी, वाचून करते म्हणाले आणि कागद पर्समध्ये घातला.

घरी येताना स्टेशनपासून रिक्षात विचारलं, तर बाहेर बघत म्हणाले, गेल्या वर्षी साईनाथला पॅकिंगवरूनच ताकीद मिळालीय, पुन्हा नाव आलं तर घरी बसवतील, पोराचं आत्ता कुठे बस्तान बसलंय. पुढे विषय बंद. पण ते खोटं त्यांना पचत नाहीये रे. अर्ध्या ताटावरून उठतात. पोपटमामांशी नजर मिळवत नाहीत. घरात येरझाऱ्या घालतात, आणि त्यांच्यामागे मी. मला तुझा भयंकर राग आलाय. ठोकळे मारायचे राहतातच कसे? मग वाटतं, घाई होती का, बरं वाटत नव्हतं का, कुणी मध्येच हाक मारली का. आणि पुन्हा राग येतो.

पाध्यांना सोमवारी कागद हवाय. मी सही केली तर तुझी नोकरी राहील, आपलं काम जाईल आणि बाबांचं खोटं कायमचं पक्कं होईल. नाही केली तर परक्या माणसासमोर मी बाबांना खोटारडं ठरवीन, आणि तुझं नाव सांगणारीही मीच असेन. माझ्याच्याने दोन्ही होत नाही. काल पाध्यांच्या इथल्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत गेले आणि तशीच परत फिरले. म्हणून हे पत्र. सोमवारच्या आत तुझ्या साहेबांकडे जा आणि काय राहिलं ते स्वतःच्या तोंडाने सांग. तू सांगितलंस तर बाबांचं बोलणं, म्हाताऱ्या बापाची माया म्हणून लोक सोडून देतील. नोकरी गेली तर इथे ये, दोन घास कमी खाऊ. मी लिहिलंय हे बाबांना कळू देऊ नकोस. बाबा तुझ्यासाठी खोटं बोलले, साईनाथ. तू त्यांच्यासाठी खरं बोल.

तुझीच,
निशाताई