सुंदराचा खोकला आधी कुणी ऐकला

अमरावती, १२ फेब्रुवारी २०२६

चि. नीलमला,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझं उत्तर येईपर्यंत माझ्याकडे राहतील.

रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तू आपल्या माहेरच्या गावात, पंजाबरावांच्या कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर, माझ्या सुंदराच्या हातात तपासणीची डबी दिलीस. गावच्या ग्रुपवर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने टाकलेल्या फोटोवर वेळ छापली आहे. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर भांडण रंगात आलं की तुझं नेटवर्क जातं.

गावात क्षयाची तपासणी मी सुरू केली. मूर्तिजापूरच्या दवाखान्यात थुंकी तपासायचं यंत्र आहे, पण तिथे जायचं तर बायकांचा दिवसाचा रोज बुडतो. तेव्हा डब्या गावात भरून तिकडे पाठवाव्यात, ही कल्पना माझी. १८ जानेवारीला शाळेत संक्रांतीचं हळदीकुंकू मी ठेवलं. सरपंच आणि चार वडीलधारे मंचावर, खाली तिळगुळाशेजारी डब्यांचं टेबल. बेचाळीस नमुने जमले, बेचाळीसही निर्दोष. गाव स्वच्छ आहे असं मी ग्रुपवर जाहीर केलं. तीन आठवड्यांनी तू बारा डब्या घेऊन गेलीस आणि तीन रुग्ण शोधलेस. आता गावाला नीलमताईंशिवाय कुणी दिसत नाही.

तेही सोसलं असतं. पण फोटोत सुंदरा तुझ्या खांद्याला खांदा लावून बसली आहे. चौथीपर्यंत आम्ही दोघी एका पाटीवर लिहीत होतो, तेव्हा तू पाळण्यात होतीस. पुढे मला इथल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात टाकलं, तरी सुट्टीत मी आधी तिच्या घरी जायची. आता ती माझा फोन उचलत नाही. तुझा रोज येतो, असं तिची सून आकांक्षा म्हणाली. माझी मैत्रीण तू कोणत्या अधिकाराने घेतलीस?

तुझी (तूर्तास नाइलाजाने),
सत्यवतीताई

अकोला, १७ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
नीलमचा वाकून नमस्कार. अडकवून ठेवलेले निम्मे आशीर्वाद सोडावेत, ही विनंती.

ताई, रागावशील, पण लिहिते. तीस वर्षं मी प्रयोगशाळेत थुंकीच्या डब्या उघडल्या आहेत. तुझ्या बेचाळीस डब्यांत बहुतेक नुसती लाळ गेली असणार. सासरे आणि सरपंच समोर बसलेले असताना कोणती बाई छातीतून खाकरून थुंकेल? साऱ्यांनी तोंडाला पदर लावून थेंबभर थुंकी सोडली. निर्दोष निघाली ती लाळ, गाव नाही. म्हणून मी शेवटच्या वेचणीला भल्या पहाटे शेतात गेले. पुरुष कुणी नव्हते. एकेक जण डबी घेऊन तुरीच्या आड गेली आणि पोटापासून खोकून आली.

दुसरं असं, की बोलावणं हळदीकुंकवाचं होतं. बुधाजींचं घर बौद्ध, त्यांच्या बायका त्याला कशा येतील? आणि सुंदराचे यजमान गोवर्धनभाऊ जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीपासून ती खोकते आहे. शेजारच्या घरी तुझं आमंत्रण आलं ते तिनं ऐकलं. ताईला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, “तिनं मले कुंकवाले नाई बलावलं, थुंकाले काहून बलावीन?”

तिघींपैकी एक ती आहे. तुला कळवायला तिनं परवानगी दिली. “सांगून दे, तशीबी ते चूप बसते थोडीच,” असं म्हणाली.

आता माझी चूक. ११ तारखेला गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. तिला वाटलं रक्तच जातंय. चौथ्या दिवशी तिनं गोळ्या बंद केल्या. मी फोनवर समजावते, तर म्हणते तू कालची पोरगी. आशाताई दारात आली की ती मागच्या दाराने गोठ्यात जाते. घरात चार महिन्यांचा नातू आहे आणि तो तिच्याच कुशीत झोपतो. डॉक्टरांना मी विचारलं, लगेच पुन्हा सुरू करा म्हणाले. माझं ती ऐकत नाही, ताई. तुझंच ऐकेल.

लोभ आहेच, तो रागासकट असू दे.
तुझी,
नीलम

अमरावती, २० फेब्रुवारी २०२६

प्रिय सुंदरास,
सत्यवतीचा नमस्कार. तू घेतलास तर.

पोस्टाला आठवडा लागेल, म्हणून या पत्राचा फोटो आकांक्षाच्या फोनवर पाठवते आहे. तिला वाचायला लावू नकोस, तू वाच.

नीलमने सारं कळवलं. मला राग आला, आधी तिचा, मग तुझा. तू दिवाळीपासून खोकतेस हे मला तिच्याकडून कळावं? मग हळदीकुंकवाची यादी काढून बघितली. तुला वाटत असेल मी विसरले. तसं नाही. सातव्या नंबरवर तुझं नाव मीच लिहिलं होतं आणि मीच खोडलं. बायका कुजबुजतील म्हणून खोडलं. सदतीस वर्षं मुलींना शाळेत शिकवलं की असल्या चालीरीती मोडा, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तुझ्यावर रेघ ओढली. चुकलं माझं. हे मी नीलमलाही लिहिलेलं नाही, तूही सांगू नकोस.

ते रक्त नाही, गोळीचा रंग आहे. गोळी बंद ठेवलीस तर हा रोग पुन्हा उठतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. आज रात्रीपासून वेगळी नीज. बाळाला दवाखान्यात दाखवून आण, त्यालाही औषध देतात.

गोळ्यांचे सहाही महिने मी आपल्या गावच्या घरी येऊन राहायला तयार आहे. रोज सकाळी तुझ्या ओट्यावर बसेन, तू गोळी गिळेपर्यंत उठणार नाही. नीलमला तुझी चौकशी करायची असेल तर तिनं मला फोन करावा. मात्र तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. तेवढा हक्क मी रेघ ओढून घालवला आहे.

‘ये’ लिही किंवा ‘नको’ लिही. ‘नको’ लिहिलंस तरी गोळी घे, आशाताईच्या हातून घे, त्या मेल्या नीलमच्या हातूनही घे, पण आज घे.

उत्तर लेखी हवं, तुझ्याच अक्षरात, असाच फोटो काढून, रविवार २२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत.

तुझीच,
सत्यवती