तीन सेंटिमीटरांचे प्रकरण

डार्मश्टाट, १४ ऑक्टोबर

प्रिय धाकटी भगिनी हिल्ट्रुड हिला एकेहार्टचा सप्रेम आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. (डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे गृहीत धरले आहे.) माझी प्रकृती उत्तम आहे, प्रतिष्ठेविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

चार वर्षे अर्ज केल्यावर आम्हांला अणुकेंद्रके वेगाने धाववणाऱ्या कणत्वरकावरचे पाच दिवस मिळाले. एकाहत्तराव्या वर्षी मला मिळालेले हे अखेरचे. कॅल्शियमचे एक दुर्मीळ, क्षणजीवी अणुकेंद्रक प्रकाशाच्या निम्म्या वेगाने येते, बेरिलियमच्या चकतीवर आदळते आणि धावता धावताच गॅमा किरण सोडते. तो किरण पुढून पाहिला तर अधिक ऊर्जेचा भासतो, मागून पाहिला तर कमी. म्हणून किरण टिपणारे प्रत्येक उपकरण चकतीपासून कोणत्या कोनात बसवले आहे, हे पाहून ती ऊर्जा दुरुस्त करावी लागते. चकतीची जागा चुकली, की आलेखावर सुईसारख्या टोकाऐवजी गायीची पाठ दिसते.

गुरुवारी दुपारी साडेतीनपर्यंत आम्हांला गायच दिसत होती. वेळापत्रक सांभाळणारे श्री. ब्रुंकहोर्स्ट यांनी दारातूनच बजावले, "प्राध्यापकसाहेब, चारपर्यंत टोक दाखवा. नाहीतर केंद्रकांचा झोत शेजारच्या गटाला. ते बाहेर येऊन बसलेतसुद्धा."

तेव्हा डॉ. फ्राउके त्यार्क्स (एकोणीस वर्षांपासून माझ्या सहकारी, उत्तर किनाऱ्याकडच्या, म्हणजे बोलणे दिवसाला चार वाक्ये) म्हणाल्या, "चकतीची जागा चुकलीय."

"ती मी स्वतः मोजली आहे."

"म्हणूनच म्हणते."

हिल्ट्रुड, यावर मी, घड्याळाचा काटा पुढे सरकत असताना, मापनातील जबाबदारी या विषयावर वीस मिनिटे बोललो. (एकही वाक्य अपूर्ण सोडले नाही.) बाईंनी ते ऐकता ऐकता संगणकावर चकतीची जागा एक सेंटिमीटर मागे घेतली. मग दोन. पाठ आकसली. मी बोलायचा थांबलो. तिसऱ्या सेंटिमीटरला गाय नाहीशी झाली आणि टोक उभे राहिले. तेव्हा चार वाजायला सहा मिनिटे होती.

"आता मोजू देता, की अजून बोलायचंय?" त्यार्क्सबाईंनी विचारले.

आराखड्यात अंतर झोताच्या नळीच्या जोडकड्याच्या पुढच्या कडेपासून धरलेले होते. मी मागच्या कडेपासून घेतले. ते जोडकडे तीन सेंटिमीटर जाड आहे. (मागच्या कडेपासूनचे माझे माप अत्यंत अचूक होते, हे नमूद करणे भाग आहे.)

तुझा वडील बंधू,
एकेहार्ट ड्युनेबिअर

ता. क. : पत्राचे खरे कारण राहिले. रविवारी त्यार्क्सबाईंना तुझ्याकडे आलुबुखाराच्या केकसाठी बोलाव. "तुम्ही" सोडून "तू" म्हणण्याचा प्रस्ताव आपल्याकडे वयाने मोठ्यानेच मांडायचा असतो, आणि मी तो एकोणीस वर्षे मांडलेला नाही. क्षमा मागणे मला जमत नाही, हे जमेल.

पुन्हा ता. क. : बाईंना कुणकुण लागली. म्हणाल्या, "येईन. पण या वेळी प्रस्ताव ज्याचं माप बरोबर, त्यानं मांडायचा." त्यानंतर बाई या विषयावर एक शब्द बोललेल्या नाहीत. केक मोठा कर. प्रस्ताव येईपर्यंत बराच वेळ बसावे लागेल, असे दिसते.