लाटण्यांचा कारखाना

६ जुलै, रविवार
आणि परत तेच. मुकुल म्हणतो, लेथ नाही, भंगार घेतलंस. आमच्या शेठच्या फर्निचरच्या दुकानात पॉलिश मारणारा माणूस, माझ्याच खोलीत झोपतो आणि मलाच अक्कल शिकवतो. शेठच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडलेली लाकूड कातायची मशीन मला सहा हजारात मिळाली, ही त्याची जळजळ. पैसे चेतनाच्या होस्टेलचे होते, हे खरं. धाकटी बहीण. वाशीमला आयटीआयला नंबर लागलाय. पण डिपॉझिटची लास्ट डेट पंचवीस. तोवर डबल करून पाठवतो, असं आईला फोनवर सांगितलं. आईने लगेच फोन ठेवला. म्हणजे पटलं.

८ जुलै
ऑर्डर पक्की. चेकनाक्याजवळच्या वसुधाकाकू बचत गटाचा स्टॉल लावतात. चाळीस लाटणी हवीत. आधी एक नमुना दाखव म्हणाल्या. बायकांना पटकन विश्वास बसत नाही.

१० जुलै, संध्याकाळी
मोटर चालू! बेरिंग ओरडतंय, पण वय झालं की माणूस पण ओरडतो. पट्टा सैल होता, चाकावरून उतरायचा. नवा आणा म्हणजे खर्च. मी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन चढवला. एकदम टाइट. असलं डोकं शाळेत मिळत नाही. बरं झालं सातवीतच सोडली.

१३ जुलै, रविवार
लाकूड फिरतं, पण कापत नाही. पटाशी टेकवली की नुसती थडथड आणि जळल्याचा वास. पटाशी बोथट आहे. ग्राइंडरवर धार लावली.

१४ जुलै
अजून बोथट. परत धार.

१६ जुलै
धार लावून लावून पटाशी बोटभर उरली. म्हणजे दोष लाकडाचा. शेठच्या सागवानातला एक तुकडा लावून बघितला. तोपण जळला. शेठने बघितलं. पगारातून कापणार म्हणे. मुकुल म्हणाला, लाटणी राहू दे, कोळसा विक. कारखाना निघाला की ह्याला कामावर ठेवायचा नाही. नक्की.

१९ जुलै
चेतनाचा फोन. पैशाचं विचारलं नाही, मशीनचं विचारलं. मग मी पण ऐटीत व्हिडिओ कॉल लावून मशीन फिरवून दाखवली. बराच वेळ बघत बसली. मग म्हणे लाकूड उलटं फिरतंय दादा, पट्ट्याला पीळ दिलास म्हणून. गावच्या पिठाच्या गिरणीत बघितलंय म्हणे तिने. अजून आयटीआयची पायरी चढली नाही. गिरणीचा आणि लेथचा काय संबंध? नेटवर्क गेलं असं सांगून फोन ठेवला.

२० जुलै, रविवार
स्वतः नीट विचार केला आणि पट्टा सरळ घातला. सैल पडला. शेठकडून उचल घेऊन आखूड पट्टा आणला. आणि काय सांगू, कापतंय! लांब लांब साली निघतात, अंगावर पडतात. लाटणं गोल होताना माझ्या डोळ्यांनी बघितलं. हात थांबेनाच. तिथेच वाट लागली. मधे फार बारीक झालं.

२२ जुलै
वसुधाकाकूंनी नमुना पोळपाटावर ठेवला. खालून उजेड दिसत होता. म्हणाल्या, बाळा, याने पोळी मधे जाड आणि कडेला पातळ होईल. काही लोकांना तशी आवडत असेल, मी म्हटलं. ऑर्डर दुसऱ्याला दिली. नमुना मात्र ठेवून घेतला, गोधड्या धोपटायला बरा आहे म्हणे. पैसे देत होत्या. मी घेतले नाहीत. नमुन्याचे कोण घेतं?

२४ जुलै
भंगारवाल्याला मशीन दाखवली. वजनाचा भाव सांगतो. हाकलून दिला. मशीन आत्ता कुठे चालायला लागली.

२५ जुलै
दुपारच्या सुट्टीत चेतनाला फोन केला. सगळं पाठ केलं होतं: मार्केट डाऊन, पेमेंट अडकलंय. तिने बोलूच दिलं नाही. म्हणाली, "होस्टेलची जागा मी तेव्हाच सोडली रे दादा. तू मशीन घेतली त्याच दिवशी."
मग इतके दिवस सांगितलं का नाही? तर म्हणे, तू लई खुशीत होतास.
आता रोज गावाहून पहाटेच्या एसटीने जाणार. तसं बघितलं तर चांगलंच आहे. होस्टेलचं जेवण बेकार असतं, आईच्या हातचं मिळेल. फक्त पासापुरते पाठव म्हणाली.
बाकीचे सध्या धंद्यात गुंतलेत. पाठवतोय: साडेआठशे रुपये.