नकाशातलं लाल घर

बाबा, काल ऑफिसातला जुन्या नकाशांचा कप्पा रिकामा करताना आपल्या रस्त्याचा नकाशा हाती आला. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं होतील. या नकाशाबद्दल आपण दोघं जेमतेम पाच मिनिटं बोललो होतो, आणि त्या पाच मिनिटांत मी तुमच्याशी खोटं बोलले होते.

तेव्हा मी कौन्सिलच्या नगररचना खात्यात नवीन होते. स्टेशनमागच्या लाल विटांच्या जुन्या घरांच्या रांगा जपायच्या होत्या, आणि लंडनची गाडी वीस मिनिटांत पोचते म्हणून गावाच्या अगदी मधोमध फ्लॅट्सही बांधायचे होते. काय ठेवायचं आणि काय गेलं तरी चालेल हे ठरवायला एकेक रस्ता पायी फिरून प्रत्येक घराला रंग द्यायचा असं ठरलं. हिरवं म्हणजे जुनं रूप टिकवलेलं घर. राखाडी म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं. लाल म्हणजे रस्त्याची शोभा घालवणारं, उद्या फ्लॅट्ससाठी पाडलं तरी कुणी हळहळणार नाही असं. आपला रस्ता माझ्या आणि एका सीनियर बाईंच्या वाट्याला आला. त्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं घर आहे, हे मी मॅनेजरला सांगायला हवं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही.

आपल्या घराला पांढऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या आणि पुढे काचेचा पोर्च. आधीच्या लाकडी खिडक्या थंडीत खडखडायच्या, काचांना आतून पाणी सुटायचं, चौकटींवर काळी बुरशी धरायची. आई रोज सकाळी जुना टॉवेल घेऊन ते पुसायची आणि पुसताना तिला दम लागायचा. ती हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत तुम्ही सगळ्या खिडक्या बदलून घेतल्यात. पोर्च मात्र तिच्या हट्टाचा. चपला-बूट घरात नकोत आणि बाहेर पावसात भिजायलाही नकोत, मग ठेवायचे कुठे, असा तिचा साधा प्रश्न होता. शाळेतल्या मैत्रिणी त्या पोर्चमधल्या बुटांच्या ढिगाला हसायच्या. मीही त्यांच्याबरोबर हसायचे, आणि आई आतून ते ऐकायची. ती गेल्यावरही ढीग तसाच राहिला, फक्त लहान झाला.

मग तो नकाशा लोकांनी बघून मत द्यावं म्हणून लायब्ररीत लावला. शनिवार आहे, मी टेबलामागे फॉर्म घेऊन बसले आहे आणि तुम्ही तुमच्या तपकिरी कोटात आत येता. औषधांची खोकी छापणाऱ्या छापखान्यात तीस वर्षं रंग तपासलेला माणूस; रिटायर झाल्यावरही ते घडीचं भिंग तुमच्या खिशातून गेलं नाही. तुम्ही ते उघडून नकाशाला डोळा लावता. आधी अर्थातच छपाईला नावं ठेवता, हिरवा रंग रेघेबाहेर सरकलाय म्हणता. बराच वेळ वाकून बघता. मग सगळ्या हिरव्या-राखाडी रांगेतल्या एकुलत्या एका लाल चौकोनावर बोट ठेवता.

"हे आपलं घर ना? लाल म्हणजे काय गं?"

मागे लोक उभे होते, त्यात आपल्या शेजारच्या आजीही होत्या. मी म्हटलं, "लाल म्हणजे खास."

"असं," तुम्ही म्हणालात. मग विचारलंत, "यात माणसं कुठे दाखवतात?"

हा फक्त इमारतींचा नकाशा आहे, माणसांचा तक्ता वेगळा असतो, असं मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, भिंग मिटलंत आणि पेपर वाचायला निघून गेलात.

त्या वर्षी गणपतीला स्टॅनमोरचे काका-काकू जेवायला आले, तेव्हा तुम्ही पानावर बसल्या बसल्या त्यांना सांगितलंत की अख्ख्या रस्त्यात आपलं एकच घर कौन्सिलनं लाल रंगवलंय, खास आहे म्हणते ही. काकू म्हणाल्या, बरोबरच आहे, कुंकवाचा रंग तो. तुम्ही हसून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, बाबांना खरंच पटलंय, आपण सुटलो. मी खाली मान घालून मोदकांवर तूप वाढत राहिले.

पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही गेलात. महिन्याभराने एक दिवस दारात साठीचा एक सुतार उभा, हातात माप घ्यायची टेप. वडील गेले असं मी सांगितलं तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलं. मी आत बोलावलं, तर त्यानं न सांगता पोर्चमध्ये बूट काढले. आधीच्या खेपेला तुम्ही शिकवलं असणार. तुम्ही त्याच्याकडून पुढच्या खिडक्या पुन्हा लाकडाच्या, अगदी जुन्यासारख्या करून घेणार होतात.

"पोर्चला हात लावायचा नाही, तो मिसेसचा आहे, म्हणाले," तो सांगत होता. "पण खिडक्या बदलल्या तर घर निदान राखाडी तरी होईल का, असं मला विचारत होते. मुलगी कौन्सिलमध्ये आहे, आपल्या घरापायी तिला खाली बघायला लागू नये, म्हणाले."

त्याला चहासुद्धा विचारायचं मला सुचलं नाही. तीस वर्षं औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचणारा माणूस नकाशाच्या तळाशी छापलेले रंगांचे अर्थ न वाचता कसा सोडेल? तुम्ही ते आधीच वाचलं होतंत. मग मला विचारलंत, आणि खरं बोलायला जागा दिलीत. गणपतीत पुन्हा एकदा दिलीत. बाबा, मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून तितकीच वाटते.

घर पाडलं नाही. फ्लॅट्स शेवटी स्टेशनच्या कारपार्कवर झाले, आता तिथे संध्याकाळी खिडक्या-खिडक्यांत दिवे असतात, ते तुम्हाला आवडलं असतं. आपलं घर मी पुढे विकलं. हल्ली तिथे नागपूरचं एक जोडपं राहतं, नोकरी ब्रॅकनेलला. परवा तिथून जाताना पोर्चमध्ये बुटांचा ढीग दिसला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, नकाशाच्या घडीत ठेवून देणार आहे. तेव्हा एवढं एक लिहूनच टाकते. त्या दिवशी त्या सीनियर बाई आपल्या घरासमोर थांबल्या होत्या. छप्पर, धुराडं, विटा सगळं जुनंच आहे, म्हणाल्या, राखाडी देऊन टाक. ते घर कुणाचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. राखाडी चाललं असतं, बाबा. नको, लालच, म्हणणारी मीच होते.