पारवे न उठवता

सर, परवा तलावावर एका बाईंनी मला विचारलं, "काका, हिला स्पॉन्सर मिळवायचा तर काय काय लागतं?" शेजारी त्यांची लेक उभी, पंधरा-सोळाची, केसांतून पाणी निथळत होतं. चांगला सूर मारते पोरगी. मी नेहमीचं पाठ झालेलं सांगितलं. व्हिडिओ काढा, कुठल्या स्पर्धेत कितवी आली ते एका कागदावर नीट लिहा, ज्याच्या दारात जायचं त्याचा धंदा काय ते आधी समजून घ्या, आणि पोरीला चार माणसांत बोलायलाही शिकवा, नुसतं पोहता येऊन भागत नाही. बाई बिचाऱ्या वहीत लिहून घेत होत्या. मग सहज गाव विचारलं, तर आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, वडील तिथंच शाळेत खेळाचे सर होते. ओठांशी नेलेली शिट्टी हातातच राहिली. सर, त्या बाई म्हणजे तुमची धाकटी लेक. नाक तुमचं, आणि ऐकताना मान एका बाजूला कलती करायची सवयही तुमचीच. तेव्हापासून डोक्यात तुम्हीच आहात, म्हणून आज वही घेऊन बसलो. माझं शिक्षण दहावीत अर्धवट सुटलं, पुढचं सगळं वाचून वाचून उचललेलं, तेव्हा चुकलं माकलं तर लाल शाई काढू नका.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या हिवाळ्यात विद्यापीठाचं नामांतर एकदाचं झालं, वस्तीत निळे झेंडे लागले, आणि तेव्हाही मला पहिल्यांदा हेच वाटलं की सरांना सांगायचं राहिलं. गोष्ट तशी लहान आहे. पण ज्या वर्षांतली आहे, त्या वर्षांत ती लहान नव्हती.

मी सूर मारायला कुठं शिकलो, ही ती गोष्ट. शाळेत मी सगळ्यांना दुधना सांगायचो. दुधनेला पाणी असायचं चार महिने. बाकीचे आठ महिने मी कुठं जात होतो, तर तुमच्या मळ्यातल्या विहिरीत. ती पायऱ्यांची, काळ्या दगडाची, उन्हाळ्यातही चार पुरुष खोल पाणी धरून राहणारी विहीर. आमच्या वस्तीला हापसा होता, तोही फाल्गुनात कोरडा खोकायचा. माय तुमच्या थोरल्या बंधूंच्या रानात खुरपायला जायची, आबांच्या. ती रोज बजावायची, "त्या हिरीकडं बघू बी नको बाबा. आपलं हातावरचं पोट हाय." आणि मी भर दुपारी गडी लिंबाखाली आडवे झाले, लाइट गेलेली असली, मोटर बंद असली, की बांधाच्या कडंनं विहिरीवर. मोट ओढायच्या जागी दोन दगड पुढं आलेले आहेत, त्यांवर उभं राहायचो. खाली हिरवंगार पाणी, आणि भिंतीच्या भोकाभोकांत पारवे.

ते पारवे माझे खरे मास्तर, सर. तुम्ही रागावू नका. विहिरीत साधा खडा पडला तरी ढोलावर टिपरू पडल्यासारखा आवाज होतो, आणि एक पारवा उठला की शंभर उठतात, फडफड लिंबापर्यंत जाते, गडी जागे होतात. बाकीची पोरं मुटका मारायची. गुडघे पोटाशी धरून धाडकन पडायचं, पाणी काठापर्यंत उडवायचं, ज्याचं पाणी जास्त वर तो शहाणा. मला ती चैन परवडणारी नव्हती. माय गोधडीत सुई कशी घालते ते मी बघत बसायचो. धागा ओढल्यावर सुई गेली कुठून ते कळायचं नाही. तसं जायचं. हात जोडलेले, अंगठे चिकटलेले, पोट आत. पहिल्या वर्षी पारवे रोज उठायचे आणि मी तुरीत पळायचो. दुसऱ्या वर्षी चार-दोनच उठायचे. तिसऱ्या वर्षी मी हवेत कोलांटी घेऊन आत जायचो आणि पिलावर बसलेली मादी मानसुद्धा वळवायची नाही. वर यायचो तेही बेडकासारखा, नाकपुड्यांपुरता. आणि सातव्या पायरीवर कधी पाय द्यायचा नाही, कारण ती हालते आणि खटकन वाजते.

मग पावसाळ्यात शाळेची सहल बंधाऱ्यावर गेली ते आठवतं? सगळी पोरं धडाधड मुटके मारतायत, तुम्ही छत्री घेऊन काठावर, चपला भिजलेल्या. माझी पाळी आली. मी गेलो आत. वर आलो तर तुम्ही ओरडताय, "अरे, हा पडला कधी?" पोरं हसली. एकजण म्हणाला, "सर, याला पाणी उडवायलाच येत न्हाई." मी मान खाली घातली. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी कपाटातून ते इंग्रजी पुस्तक काढलंत, चित्रं दाखवलीत आणि म्हणालात, "लेका, इथं लिहिलंय, पाणी जितकं कमी हालंल तितके गुण जास्त. तू उलटा न्हाईस. गाव उलटं हाय." सर, त्या दिवशी मी घरी जाऊन मायला सांगितलं की मला काहीतरी येतं. त्याआधी मला असं कधी वाटलं नव्हतं.

पण पुस्तकातल्या पाण्यात उडी मारायची तर शहरात जायला लागतं. महिनाभर राहायचं, फळीवर सराव करायचा, अंगात घालायला नीट चड्डी लागते, पोटाला दूध-अंडी. आमच्याकडं यातलं एकही नव्हतं. तेव्हा स्पॉन्सर हा शब्द आपल्या भागात कुणाच्या कानावर नव्हता. तुम्ही म्हणायचात, "कुणीतरी पाठीशी उभं राहिलं पाहिजे." किती दारं झिजवलीत! मला मागं बसवून सायकल देवगाव फाट्यापर्यंत, तिथून एसटीनं सेलू. तिथले एक कापसाच्या जिनिंगचे शेठजी, ते दरसाल पैलवानांना खुराक द्यायचे. ते हसले. म्हणाले, "मास्तर, कुस्तीला हजार माणूस जमतं. हिरीत उडी बघायला कोण येतंय? म्हशी?" तुम्ही पण हसलात. पण उठला नाहीत. म्हणालात, "तुमी एकदा येऊन बघा. न्हाई आवडलं तर पुन्हा तोंड दाखवणार न्हाई." परत येताना गाडीत मी विचारलं, कुठं दाखवायचं? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आमच्याच हिरीवर."

वैशाख होता, दुधना आटलेली, दुसरीकडं खोल पाणी नव्हतं, ते मला कळत होतं. पण ज्या विहिरीत तीन वर्षं चोरून उतरलो, तिच्यात आता आबांच्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा आल्यासारखं उतरायचं? त्या वर्षांत नामांतरावरून गावागावांत माणसं एकमेकांकडं बघायची बंद झाली होती. शेजारच्या गावातल्या वस्तीतली जळकी छपरं आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. आबांना तुम्ही कसं तयार केलंत मला माहीत नाही. माझं चोरून उतरणं कळलं असतं, तर मायचं काम जाणारच होतं, पण तेवढ्यावर भागलं असतं असं मला वाटत नव्हतं.

तो दिवस मी अजून पायऱ्या मोजतो तसा मोजतो. शेठजी पांढरंशुभ्र धोतर नेसून आलेले. आबा काठावर काठी टेकून. तुम्ही शेठजींना अगदी पाण्याजवळ, शेवटच्या पायरीवर न्यायचं ठरवलेलं. मी पुढं उतरतोय, मागून शेठजी, आणि माझा पाय आपसूक सहावीवरून आठवीवर गेला. मागं बघतो तर शेठजींचा पाय सातवीवर टेकायच्या बेतात. सर, जीभ माझ्या हातात राहिली नाही. "शेठजी, ती पायरी नको! हालती ती!"

विहिरीत आवाज किती घुमतो. आबा वरून म्हणाले, "तुला रं काय म्हाईत?"

मला वाटलं, संपलं. तुम्ही खालून, मान कलती करून, अगदी सहज बोललात, "मीच सांगितलंय त्याला सकाळी. पाहुण्यांना जपून उतरव म्हणलं." सकाळी तुम्ही मला भेटलाच नव्हता.

पुढचं तुमचंच डोकं. तुम्ही पिशवीतून कापसाचं एक बोंड काढलंत, शेठजींच्या तळहातावर ठेवलंत. "एवढं धरून उभं ऱ्हा." आधी दोन पोरांना मुटका मारायला लावलंत. पारवे फडफडत उठले, शेठजी डोक्यापासून भिजले, बोंडाचा लगदा झाला. शेठजी खवळले, "मास्तर, खेळ लावलाय का माझा?" तुम्ही शांतपणे दुसरं बोंड दिलंत. पारवे भोकांत परत येऊन बसेपर्यंत आम्हाला थांबवलंत, आणि मग वर जाऊन मोटेच्या दगडांवर उभ्या राहिलेल्या माझ्याकडं बघून हात केलात. मी गेलो. वर आलो तेव्हा शेठजी बोंड अंगठ्यानं चेपत होते, बाजारात कापसाची गाडी फोडल्यावर ओल बघतात तसं. पुन्हा चेपलं. पुन्हा. "कोरडं हाय," ते म्हणाले. "ठाक कोरडं." कापसाच्या माणसाला कोरडं ओळखता येतं, हे तुम्ही आधीच जाणून होता. परवा मी त्या बाईंना सांगितलं ना, ज्याच्या दारात जायचं त्याचा धंदा समजून घ्या, ते काही माझं नाही.

शेठजींनी विचारलं, "कुठं शिकलास रे पोरा?" मी म्हणालो, "दुधनेत." शेठजी हसले. "दुधनेत म्हैस बसली तर तिची पाठ उघडी ऱ्हाती!" तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यात, शेठजी, पावसाळ्यात." वर आबा हसले नाहीत. त्यांनी एकदा भिंतीकडं बघितलं आणि हळू म्हणाले, "पारवे बी उठले न्हाईत की रं." आणि माझ्याकडं बघत राहिले. मग काठी उचलून निघून गेले.

शेठजी वर्षभर पाठीशी राहिले. छातीवर त्यांच्या जिनिंगचं नाव शिवलेली बंडी घालून मी शहरात गेलो, आणि पहिल्याच उडीला फळीनं मला असा फेकला की मी पाठीवर आपटलो. दगड हालत नाही सर, फळी हालते, हे आपल्याला पुस्तकातही कळलं नव्हतं. तरी मधल्या नंबरात आलो. पुढच्या साली शेठजींना पुन्हा पैलवान गोड वाटले, त्यांचंही बरोबर होतं. मी शहरातच तलावावर कामाला लागलो, मग परभणीला आलो. मोठा खेळाडू झालो नाही. पण शेकडो पोरं पाण्यात सोडली, एकही बुडू दिलं नाही. खंत एकच होती. मला वाटायचं, मी तुम्हाला फसवलं, आणि नुसत्या दयेपोटी तुम्हाला भावासमोर खोटं बोलावं लागलं. आबांची ती नजर मी चाळीस वर्षं पाठीवर घेऊन फिरलो. आबांनी पुढं काही केलं नाही, मायचं कामही गेलं नाही. पण कधी विचारतील, याची धास्ती गेली नाही. तुम्हाला भेटायला यायचो तेव्हाही ओठांवर येऊन परत जायचं.

परवा तुमच्या लेकीला मी ओळख दिली. ती एकदम उजळली. म्हणाली, "अय्या, तुमीच का ते! आमी लहान असताना दुपारी हिरीवर खेळायला निघालो की बाबा दटावायचे. म्हणायचे, दुपारचं तिकडं जाऊ नका, तिथं एकाचा अभ्यास चालायलाय." मी विचारलं, हे कधीचं? ती म्हणाली, तुमी शहरात जायच्या लय आधीचं. आबांनी एकदा विचारलं होतं, कुणाचा अभ्यास? तर बाबा म्हणाले होते, निकाल लागल्यावर सांगतो.

सर, मी खुर्चीवर बसलो. तिला वाटलं ऊन लागलं, तिनं पाणी आणून दिलं. म्हणजे बंधाऱ्यावर "हा पडला कधी" म्हणून ओरडलात, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं. तीच विहीर निवडलीत, ती नुसती तिथं पाणी होतं म्हणून नाही, तिचा दगड न् दगड मला पाठ आहे म्हणूनही. आणि मला कुठं शिकलास, हे तुम्ही एकदाही विचारलं नव्हतं, हे मला परवा पहिल्यांदा लक्षात आलं. शेठजींनी विचारलं, आबांनी विचारलं, पोरांनी विचारलं. तुम्ही नाही. आबाही त्या दिवशी काठी उचलून गेले ते निकाल समजूनच गेले असतील. छातीवर धोंडा असतो हे तो उतरल्यावर कळतं बघा. मी घरी येऊन जेवलो आणि दुपारी गाढ झोपलो, तशी झोप मला दुपारी कधी लागत नाही. दुपार म्हणजे माझा कान लिंबाखालच्या गड्यांकडं.

हे पत्र तुमच्या लेकीच्या हातात द्यावं असं मनात होतं. "तुझ्याकडंच ठेव, वाचणारा गेला," म्हणणार होतो. पण नाही देणार. यापुढं जे लिहायचंय ते तिला कळलं तर ती पोरीला माझ्याकडं शिकायला पाठवायची नाही.

काल रविवारी तिनं मला मळ्यात नेलं. ती आणि घरची माणसं बांधावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली आणि मी एकटा विहिरीकडं गेलो. सातवी पायरी अजून हालते. मोटेच्या दगडांवर उभा राहिलो, साठीला टेकलेलं अंग, अंगात सदरा-पायजमा. हात आपसूक जोडले गेले. मग मी ते सोडले, गुडघे पोटाशी धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा धाडकन मुटका मारला. पाणी काठाच्या वर गेलं, सर. एकूण एक पारवा उठला. बांधावरून सगळी धावत आली, काय झालं, काय झालं करत. मी पाय घसरला म्हणून सांगितलं.